काटा माझ्या बाजूला

६ ऑक्टोबर, मंगळवार

विमा कंपनीचं पत्र आलं. चार महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते, आज एकदम जाग आली! 'सदर गाडीत मूळ बांधणीनंतर केलेले सर्व बदल शपथेवर लिहून द्यावेत. मुदत ३ नोव्हेंबर.' सोबत एका जुन्या फॉर्मची नक्कल. अक्षर माझंच. आठ वर्षांपूर्वी बाजारात माझ्या आपीच्या गाड्यावर उभ्या उभ्या भरला होता. विम्याचा एजंट दोन पेले मक्याची गरम आपी आणि एक तळलेलं पास्तेल हाणत होता. मी एका हाताने पातेलं ढवळत होते, दुसऱ्या हाताने लिहीत होते. 'गाडीत केलेले बदल' आणि पुढे मी लिहिलंय, 'नाहीत'.

खोटं नव्हतं लिहिलं. देवाशप्पथ नव्हतं. आमच्या ओरूरोत कुणालाही विचारा. गाड्या जपानहून येतात, स्टिअरिंग उजवीकडे असतं. इकिकेच्या बंदरातून उचलायच्या, सीमा ओलांडून आणायच्या आणि आमच्याकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात म्हणून स्टिअरिंग डावीकडे घ्यायचं. कोंबडी आणली की पिसं काढावीच लागतात, त्याला कुणी बदल म्हणतं का? आमच्या गल्लीत अकरा गाड्या आहेत, अकराही तशाच.

आमची फेर्मिनने केली. माझ्या नवऱ्याचा, सेवेरोचा धाकटा भाऊ, गॅरेज आहे त्याचं. त्याला पत्र वाचून दाखवलं. तो फडक्याला हात पुसत ऐकत होता. ऐकून झालं तरी पुसतच राहिला.

'म्हणजे वहिनी, आता माझं वेल्डिंग बघणार.'

'बघू देत की!'

'बघायलाच हवं,' म्हणाला आणि आत निघून गेला.

७ ऑक्टोबर

सकाळी गाड्यावर एका नव्या गिऱ्हाइकाने विचारलं, 'किती?' मी म्हणाले, 'साठ.' आपीच्या एका पेल्याचे साठ! शेजारची भाजीवाली पोट धरून हसली. माझ्याकडून आपी सांडली.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

विमा कंपनीत जाऊन आले. मोंतान्यो बाई म्हणून आहेत, त्यांच्याकडे आमचं प्रकरण. चांगल्या आहेत. तोच त्रास. खुर्ची दिली, पाणी दिलं, सेवेरोबद्दल ऐकून वाईट वाटलं म्हणाल्या. मग फाइल उघडली.

पोलिसांनी लिहिलंय की ला पासच्या रस्त्यावर काराकोयोच्या पुढच्या वळणावर टायरच्या खुणा आहेत, त्यावरून गाडी शंभरच्या वर होती.

'सेवेरो साठच्या वर कधी गेला नाही,' मी म्हणाले. 'कुणालाही विचारा.'

'विचारलंय. सगळे तेच सांगतात. तुमचे दीर तर शपथेवर सांगतात, दादा शंभरवर जाणारच नाही. मग मला सांगा, साठने चाललेली गाडी रस्ता सोडून खाली जाते कशी? एक तर वेग, नाही तर स्टिअरिंग. वेग असेल तर विषय संपला, चालवणारा गेला. पण स्टिअरिंग तुटलं असेल तर ते ज्याने बसवलं त्याची फाइल सरकारी वकिलाकडे जाईल. माणूस गेलाय त्यात.'

फेर्मिनचं नाव त्या घेत नव्हत्या, पण समोरच्या कागदावर ते होतंच.

'तुम्ही शेजारी बसला होतात ना?'

'झोपले होते.'

हे मी जूनपासून सांगतेय. पोलिसांना, पोरीला, फेर्मिनला, फादरना. आता इतकं अंगवळणी पडलंय की जांभईसारखं आपोआप बाहेर येतं. बाईंनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, 'फॉर्म नीट भरा, काही गाळू नका. आमचा इंजिनियर तुमची यादी घेऊन गाडीशी ताडून बघणार आहे. पैशांचं त्यानंतर.' पैसे गेले खड्ड्यात. मला त्यांचा छदामही नको.

११ ऑक्टोबर, रविवार

फेर्मिनकडे जेवायला गेले. गॅरेजचं दार बंद, रविवार म्हणून नव्हे. दारिया, त्याची बायको, मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, 'पाच दिवस झाले, एक गाडी घेतली नाही. आलेली परत पाठवतो. काल भाच्याच्या गाडीखाली शिरला आणि तिथेच पडून राहिला, मला वाटलं झोप लागली. बघते तर रडत होता.'

जेवताना त्याने सूपमधला बटाटा चमच्याने उगाच इकडून तिकडे ढकलला. मग म्हणाला, 'तीनशेच्या वर गाड्या केल्या मी. एकही तुटली नाही. तुटायची तर दादाचीच!'

'तुटली असं कोण म्हणतंय?'

'मग काय झालं, वहिनी? दादा शंभरच्या वर? दादा मेला असता पण —' आणि थांबला. दारियाने पुन्हा सूप वाढलं, कुणी मागितलं नसताना.

'माझ्या हातची चूक आहे,' म्हणाला. 'मला माहीत आहे.'

मी समोर बसले होते. मान खाली घालून हाडं चोखत होते.

१२ ऑक्टोबर

मी झोपले नव्हते.

१४ ऑक्टोबर, बुधवार

लिहिलं एकदाचं परवा. वही पिठाच्या डब्यामागे टाकली आणि दोन दिवस तिकडे फिरकले नाही. आता अर्धवट ठेवण्यात अर्थ नाही, सगळंच लिहिते.

स्टिअरिंग आणि पेडल डावीकडे आली, पण काटा उजवीकडेच राहिला. सगळ्यांचाच राहतो. वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा, सगळ्या तारा उसवून पलीकडे न्यायच्या म्हणजे डोकेदुखी, कुणी करत नाही. म्हणून काटे शेजारी बसणाऱ्याच्या समोर. म्हणजे बायकोच्या. नवरा विचारतो, 'किती?' आणि बायको सांगते. आमच्याकडे नवरा-बायकोचं कितीही फाटलेलं असलं तरी गाडीत बसल्यावर एवढं बोलावंच लागतं.

सेवेरो फार जपून चालवायचा. बँडवाल्यांची पितळी वाद्यं दुरुस्त करणारा माणूस, प्रत्येक गोष्टीला फुंकर घालून हात लावायचा. गाडी आली त्या महिन्यात पहिल्यांदा ला पासला निघालो. 'किती?' 'पन्नास.' लगेच पाय उचलायचा. मागून ट्रक भोंगे वाजवून कान फोडत होते. एका सायकलवाल्याने आम्हाला बघून हात हलवला! मला ताईच्या मुलीच्या लग्नाला पोचायचं होतं. म्हणून त्याने पुन्हा विचारलं आणि काटा सत्तरवर होता, तेव्हा मी म्हणाले, 'पन्नास.' तो म्हणाला, 'बरं,' आणि पाय तसाच ठेवला. लग्नाला वेळेवर पोचलो. मला कोण आनंद झाला!

तेव्हापासून वीस कमी. आठ वर्षं. सवयच लागली. भाजीवालीशी घासाघीस करावी तशी मी काट्याशी करायचे. सगळं गाव म्हणतं, सेवेरो साठच्या वर कधी गेला नाही. तो स्वतः छाती पुढे काढून सांगायचा. ऐंशीवर जात होता बिचारा, आठ वर्षं, माझ्यामुळे.

१२ जूनला सकाळी पोरीचा, योवानाचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या. पहिलं बाळंतपण, नवरा सांताक्रूसला कामावर, पोरगी ला पासच्या हॉस्पिटलात एकटी. 'आई, लवकर ये गं.' आम्ही पाच मिनिटांत निघालो. काराकोयोपर्यंत सेवेरोने चारदा विचारलं. मी दर वेळी थोडं जास्त कापलं. तो दर वेळी 'बरं' म्हणाला. वळणाच्या आधी काटा एकशे आठवर होता, मी डोळ्यांनी बघितला.

'किती, कासी?'

'साठ.'

'बरं,' म्हणाला.

मग वळण आलं. माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला, पूर्ण जोर लावून, मांडी आखडेपर्यंत. जपानमध्ये तिथेच ब्रेक होता. आमच्या गाडीत तिथे नुसता पत्रा होता.

एक कळत नाही. ट्रॉम्बोनमधला केसाएवढा पोचा फुंकून ओळखणारा माणूस. इंजिनाचा आवाज चढलेला त्याला कळला नाही? वारा शीळ घालत होता. मलासुद्धा कळत होतं. त्याने स्वतःच्या कानांपेक्षा माझ्या तोंडावर विश्वास ठेवला.

१५ ऑक्टोबर

आज मिनीबसमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली. काटा समोर. डोळे मिटून बसले. ड्रायव्हर म्हणाला, 'ताई, मळमळतंय का?' हो म्हणाले. त्याने मला लिंबू दिलं.

१७ ऑक्टोबर, शनिवार

फेर्मिनबरोबर यादी केली. तो सांगत होता, मी लिहीत होते. स्टिअरिंग डावीकडे, दांडा लांबवण्यासाठी एक वेल्ड. पेडल डावीकडे. डॅशबोर्ड कापला. हेडलाइट — ते मुळात पलीकडच्या बाजूला झुकलेले, समोरच्यांचे डोळे दिपायचे, म्हणून काचेला अर्धी पट्टी.

'वायपर?'

'तसेच. म्हणून पावसात तुझ्या बाजूची काच स्वच्छ आणि दादाच्या बाजूला कोपरा राहायचा.' तो हसला, जरासाच. 'आठवतं? एकदा त्याने तुलाच म्हटलं होतं, तूच बघ आणि तूच चालव!'

'भोक?'

उजवीकडून स्टिअरिंग काढल्यावर तिथे मुठीएवढं भोक राहिलं होतं. फेर्मिनने पत्रा ठोकला होता, पण फटीतून वारा यायचा, गुडघे गार पडायचे. मी जुन्या शालीचा तुकडा कोंबला होता. ते लिहायचं का?

'लिही. काही गाळू नका म्हणाल्या ना.'

लिहिलं. 'शालीचा तुकडा, लाल.' आणि मग काटा. काटा उजवीकडेच राहिला, तेही लिहिलं. एकूण आठ झाले.

'बस्?' मी विचारलं.

'बस्,' फेर्मिन म्हणाला. मग वेल्डच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, 'इथे माझं नाव घाल. केलं ते माझ्या हातांनी, नाव माझंच हवं.' मी घातलं नाही. तो माझ्या हातातून पेन घेऊन स्वतः लिहू लागला. त्याचं अक्षर लहान मुलासारखं आहे.

२१ ऑक्टोबर, बुधवार

फॉर्मबरोबर फोटो हवेत म्हणून पोलिसांच्या आवारात गेले. तिथे गाड्यांची रांग आहे, धुळीने सगळ्या एकाच रंगाच्या झाल्यात. आमची ओळखू आली ती मागच्या काचेवरच्या कागदी फुलांवरून. कार्निव्हलला बियर शिंपडून पुजली होती तेव्हा लावलेली.

डाव्या बाजूला गेले नाही. तिकडे बघवणार नव्हतं. फोटो काढायला शिपायालाच सांगितलं.

उजवं दार उघडलं. शालीचा तुकडा भोकात तसाच. काट्याची काच फुटलेली आणि काटा शून्यावर पडलेला. शून्य! इतकं कमी मीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. मला हसू आलं, मोठ्याने, थांबेचना. शिपाई लांब जाऊन उभा राहिला. खाली जिथे माझा पाय होता तिथे पत्रा आत दबलाय, टाचेएवढा. झोपलेल्या बाईचा पाय असा पत्रा दाबत नाही. इंजिनियर बघेल तर त्याला कळेल. कळावं असं वाटलं, मग भीती वाटली.

२२ ऑक्टोबर

कान वाजतात. पातेलं उकळायला लागलं की त्यातून 'किती' ऐकू येतं. मी उत्तर देत नाही.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

दारिया भर बाजारात धावत आली. पायात चपला वेगवेगळ्या. फेर्मिन म्हणतोय, सणाचे दोन दिवस होऊ देत, मग चार तारखेला सरकारी वकिलाकडे स्वतः जाणार. माझ्या वेल्डने भाऊ मेला असं लिहून देणार. इंजिनियरची वाटसुद्धा बघणार नाही.

'तुरुंगात टाकतील त्याला, कासिल्दा! त्याला तेच हवंय. म्हणतो, आत बसलो तर झोप तरी लागेल. तू समजाव, तुझं ऐकतो तो. तू म्हण, गाडी तुटली नाही.'

'मी कसं म्हणू? मी झोपले होते.'

ती गाड्यावरचे उष्टे पेले उचलून धुवायला लागली, एकेक, माझ्यासाठी. मी तिला थांबवलं नाही.

किती नीच असावं माणसाने! सेवेरोला मी घालवलं, आता दुसऱ्या भावालाही बसल्या जागेवरून घालवतेय, तोंड शिवून. सांगितलं तर योवाना काय म्हणेल? 'लवकर ये' तीच म्हणाली होती. ती स्वतःला खाईल. हे एक कारण. खरं कारण निराळं आहे. लोक माझ्या नवऱ्याबद्दल हळहळतात तेव्हा मला जवळ घेतात. मला ते हवं असतं.

१ नोव्हेंबर, रविवार. सगळ्या मृतांचा दिवस

दुपारी बाराला आत्मे येतात, उद्या बाराला जातात. नवा मृत म्हणून सेवेरोचं ताट मोठं. योवाना बाळाला घेऊन कालच आली. ऊस उभे केले, काळं कापड अंथरलं, त्याच्या आवडीचं सगळं मांडलं. खारं मांस, उकडलेल्या मक्याचं मोट, चीज, आपीचा पेला. दारियाने पिठाच्या बाहुल्या भाजून आणल्या, वर चढायला पिठाची शिडी आणि एक पिठाची गाडी! छान खरपूस भाजलेली. फक्त गडबडीत तिने स्टिअरिंग उजवीकडे लावलं होतं.

फेर्मिन गाडी हातात घेऊन बघत राहिला. म्हणाला, 'म्हणजे वर गेल्यावरसुद्धा हलवायला मलाच बोलावणार!' आम्ही सगळे हसलो, तोही हसला, महिन्यात पहिल्यांदा मनापासून. आणि हसता हसता भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. दारियाने ती गाडी ताटामागे सरकवून ठेवली.

बारा वाजले. प्रार्थना सुरू झाली. मी आपीच्या पेल्याकडे बघत होते, वाफ सरळ वर जात होती, मग एकदम माझ्या बाजूला वळली. खिडकी बंद होती. मला माहीत होतं तो काय विचारणार. माझ्या तोंडून निघून गेलं, 'एकशे आठ.'

'काय म्हणालीस, आई?'

'काही नाही.'

योवानाने बाळ माझ्या मांडीवर दिलं. पावणेपाच महिन्यांची झालीय. तिच्या आजोबांचं नाक आहे तिला.

२ नोव्हेंबर

बारा वाजता कबरीवर त्याला निरोप दिला. सगळे म्हणाले, शांतपणे गेला. मला नाही तसं वाटलं. उद्या मुदत, परवा फेर्मिन जाणार.

३ नोव्हेंबर, मंगळवार

दिला फॉर्म!

सकाळी गाडा लावला नाही. कंपनीच्या पायरीवर बसून आठाखाली नऊ घातला आणि लिहिलं. इथे तसंच उतरवते:

'९. वेगाचा काटा चालवणाऱ्याला दिसत नव्हता. त्यासाठी शेजारी मला बसवलं होतं. काटा वाचून सांगणं माझं काम. मी आठ वर्षं वीस कमी सांगत आले. १२ जूनला काटा एकशे आठवर होता. नवऱ्याने विचारलं तेव्हा मी साठ सांगितलं. मी जागी होते. स्टिअरिंगला काही झालं नव्हतं, ते शेवटपर्यंत वळत होतं, मी त्याचे हात बघितले. — कासिल्दा तिकोना, गाडीतली दुसरी व्यक्ती.'

मोंतान्यो बाईंनी उभ्यानेच वाचलं. मग बसल्या आणि परत वाचलं.

'बाई, हा बदल नाही. बदल म्हणजे वस्तू. गाडीला लावलेली.'

'मीही लावलेलीच होते. जपानमधून आली तेव्हा गाडीत नव्हते. इथे बसवलं मला. आणि मी नीट चालत नव्हते.'

'याने तुमचा दावा जाईल, कळतंय ना?'

'जाऊ दे.'

'पोलीसही विचारतील.'

'विचारू देत. या वेळी खरं सांगेन.'

त्यांनी शिक्का मारला. हात किंचित थबकला, पण मारला. पाणी पुन्हा विचारलं. मी प्यायले.

संध्याकाळी योवानाला सांगितलं. ती बाळाला पाजत होती. तिने बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. मग म्हणाली, 'मी लवकर ये म्हणाले होते.' मी म्हणाले, 'तू म्हणणारच होतीस, तू एकटी होतीस. काटा तुझ्यासमोर नव्हता.' तिने मला जवळ घेतलं नाही, पण उठूनही गेली नाही.

४ नोव्हेंबर, बुधवार

फेर्मिन निघायच्या आत, सातलाच गॅरेजवर गाठला. भावाच्या लग्नात घातलेला कोट अंगात. सांगितलं सगळं, एका दमात, थांबले असते तर परत बोलता आलं नसतं.

वाटलं होतं ओरडेल. मारेल असंसुद्धा वाटलं, आणि चाललं असतं मला. त्याने विचित्रच प्रश्न विचारला.

'तू साठ म्हणालीस तेव्हा दादा काय म्हणाला?'

'बरं म्हणाला.'

'एवढंच?'

'एवढंच. बरं.'

त्याने कोट काढून खिळ्याला अडकवला. माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, राग नव्हता तो. काय होतं कळलं नाही. म्हणाला, 'घरी जा, वहिनी.' दारापर्यंत आला नाही. वकिलाकडे गेला नाही, दारियाने सांगून पाठवलं. बस्, तेवढं झालं. तो माझं तोंड बघणार नाही आता, आणि बरोबरच आहे त्याचं.

७ नोव्हेंबर

बाजारात कळलंय. भाजीवालीने आज गाडा थोडा पलीकडे सरकवला.

११ नोव्हेंबर, बुधवार

इंजिनियरचा कागद आला. वेल्ड अखंड. यादीतले आठही बदल जुळले. खाली एक ओळ: 'अर्जदाराने न कळवलेला बदल, एक. स्टिअरिंगखाली डाव्या गुडघ्यापाशी बसवलेला वेगाचा दुसरा छोटा काटा. जोडणी जुनी, अपघातापर्यंत चालू.'

तशीच फेर्मिनकडे गेले. त्याने मान वर केली नाही. 'पहिल्या ला पासच्या फेरीनंतर आठवड्यात दादाने बसवून घेतला. म्हणाला, कासी वीस कमी सांगते. मी म्हटलं, मग बोल ना तिला. म्हणाला, नको, तिला घाई असते आणि मी भितो, असंच बरं चाललंय. कुणाला सांगू नकोस म्हणाला, म्हणून यादीत घातला नाही. दादाला काटा दिसत होता, बघून तो शंभरवर जाणार नाही, म्हणूनच मला वाटत होतं की वेल्ड गेला.'

एकशे आठ त्यालाही दिसत होते. तरी त्याने विचारलं, मी साठ म्हणाले, आणि तो बरं म्हणाला.